‘तू बघितलंस का?’ : ओपन सोर्सवरच्या विश्वासाची गोष्ट

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे अडखळणे आणि मागची कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बरंचसं जसंच्या तसं.)



आजची सुरुवात माझ्या मावशीच्या लॅपटॉपपासून. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो होतो. तिचा जुना लॅपटॉप एवढा रखडत होता की बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो पिऊन व्हायचा, तरी स्क्रीनवर आपलं चक्र फिरतंच आहे. नवा घ्यायची तिची तयारी नव्हती. मी म्हटलं, मावशी, यावर लिनक्स टाकून देतो. उबुंटूच्या घराण्यातली एक हलकी आवृत्ती टाकली, लिबरऑफिस आलं, फायरफॉक्स आलं, जुनी नाटकं बघायला व्हीएलसी आलं. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप पळायला लागला.

“किती झाले?” मावशीनं विचारलं.

“काही नाही. फुकट आहे.”

आता मावशीनं तीस वर्षं पतपेढीत हिशेब तपासलेत. फुकट हा शब्द ऐकला की तिच्या कपाळाला आठी पडते. म्हणाली, “फुकट देतात तर त्यांना काय मिळतं? माझं बँकेचं सगळं याच्यावरच करायचंय मला.” मी आपलं नेहमीचं पाठ उत्तर दिलं. यातला सगळा कोड उघडा असतो गं, लपवाछपवी नाही, कोणीही बघू शकतं.

“तू बघितलंस का?”

नाही. मी नव्हता बघितला. गेली पंधरा वर्षं हे सगळं वापरतोय, लोकांना आग्रहानं टाकून देतोय, आणि त्यातली एक फाईलसुद्धा मी कधी धड वाचलेली नाही. “मग कुणी बघितलाय?” हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला बसलो, आणि त्यातून हा भाग झाला.

आधी थोडं मागे जाऊ. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा भरवशाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता एका प्रिंटरचा. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो गप्प बसायचा, आणि इकडे दुसऱ्या मजल्यावरचा माणूस छापून झालं असेल म्हणून चालत यायचा. आधीच्या प्रिंटरमध्ये रिचर्ड स्टॉलमननं एक सोय करून ठेवली होती, कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसा निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा कोडच मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो होता, पण कुणाला देणार नाही असं त्यानं लिहून दिलेलं. स्टॉलमनला ते फार लागलं. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्याचं मागणं होतं दुरुस्तीच्या हक्काचं. माझं यंत्र मला उघडता आलं पाहिजे, एवढंच. ‘उघडं आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हे नंतर जोडलं गेलं.

आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला, १९८४ साली, केन थॉम्पसनचं ट्युरिंग पुरस्काराचं भाषण छापून आलं. युनिक्स घडवणाऱ्या दोघांपैकी हा एक. त्यानं दाखवून दिलं की कोड वाचूनही भागत नाही. कसं, ते बघा. माणसानं लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेतो तो कंपायलर. पण कंपायलर हाही एक प्रोग्रॅमच, तो आधीच्या कंपायलरमधून तयार होतो. आपल्याकडे विरजण असतं ना, तसं. आजचं दही कालच्या दह्यातून. समजा कुणी कधीतरी एकदा विरजणात काही मिसळलं, आणि ते असं की प्रत्येक नव्या दह्यात आपोआप उतरेल. मग तुम्ही दह्याची कृती कितीही वेळा वाचा, कृतीत काही नाहीच. थॉम्पसनचा कंपायलर लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये चोरदार ठेवायचा, आणि स्वतःच्या पुढच्या पिढीतही ती खोड पेरायचा. दोन्हींचा कोड वाचायला स्वच्छ. कोड ज्यानं पूर्णपणे स्वतः लिहिलेला नाही त्याला त्याची खात्री देता येणार नाही, असा त्याचा एकूण रोख होता. हे कुणी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि कामाला लागले.

१९९७ मध्ये एरिक रेमंडनं मग उलट बाजूचा सिद्धांत मांडला आणि त्याला लिनस टोरवाल्ड्सचं नाव दिलं. बघणारे डोळे भरपूर असले की चुका फार काळ लपून राहत नाहीत, अशा अर्थाचा. मी मावशीला जे उत्तर दिलं ते याच सिद्धांताचं पातळ केलेलं वरण. सिद्धांत चुकीचा नाही. फक्त त्यात डोळे ‘असले की’ असं आहे, आणि ते आहेत हे आपण सगळ्यांनी गृहीत धरलं.

आता एक पकडलेली चोरी सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला ती लागणार आहे. नोव्हेंबर २००३. लिनक्सचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या व्यवस्थेत असायचा, आणि ज्यांना ती नको त्यांच्यासाठी दुसऱ्या सर्व्हरवर एक नक्कल ठेवलेली असायची. कुणीतरी त्या नकलेत शिरून दोन ओळी घातल्या. वरवर पाहता साधी तपासणी. पण जिथे ‘बरोबर’ची दोन चिन्हं हवीत तिथे एकच. दोन चिन्हं असती तर अर्थ झाला असता, “हा माणूस यंत्राचा मालक आहे का?” एकाच चिन्हानं अर्थ झाला, “याला मालक कर.” नजरेनं हे सहज सुटलं असतं. ते सापडलं ताळ्यानं. नकलेत एक बदल दिसतोय आणि मुळात त्याची नोंद नाही, एवढ्यावरून. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग यात काय विशेष? आम्ही रोज संध्याकाळी हेच करायचो.”

रोज. हा शब्द लक्षात ठेवा.

त्यानंतरच्या दहा वर्षांत दोन मोठे दणके बसले. पहिला डेबियनचा. मे २००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकानं ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी बाजूला काढल्या. का, तर व्हॅलग्रिंड नावाचं तपासणीचं अवजार त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं. त्यानं ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारलंही होतं, आणि आलेल्या उत्तरांवरून हरकत नाही असा त्याचा समज झाला. पण त्यातली एक ओळ म्हणजे गुप्त चाव्या बनवताना लागणारी अनिश्चितता ओतणारी ओळ होती. ती गेल्यावर उरला फक्त एक छोटा आकडा. परिणाम काय, तर ज्या चाव्यांचा अंदाज विश्वाच्या अंतापर्यंत लागू नये, त्या एकेका प्रकारात जेमतेम ३२,७६७ उरल्या. कोणीही एका बैठकीत सगळ्या करून पाहाव्यात एवढ्याच. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूतही हे गेलं. कोड पूर्ण उघडा, बदल उघडा, आणि हे कुणाच्या तरी लक्षात येऊन जाहीर झालं १३ मे २००८ ला. दोन वर्षं. व्हॅलग्रिंड हे नावही जरा लक्षात असू द्या.

दुसरा दणका हार्टब्लीडचा, ७ एप्रिल २०१४. पुन्हा ओपनएसएसएल. त्यात एक सोय होती, समोरचा सर्व्हर जागा आहे का ते विचारायची. तुम्ही म्हणायचं, “जागा असशील तर ‘चहा’ म्हण, दोन अक्षरं.” तो म्हणायचा, “चहा.” पण “‘चहा’ म्हण, चौसष्ट हजार अक्षरं” असं सांगितलं तर तो आकडा तपासतच नसे. चहा म्हणून झालं की शेजारच्या स्मृतीत जे पडलं असेल ते वाचून दाखवायचा. पासवर्ड, चाव्या, जे असेल ते. ही चूक ३१ डिसेंबर २०११ ला कोडमध्ये आली होती, सगळ्यांच्या देखत. बँका, दुकानं, ईमेल, अर्धं जग या ओपनएसएसएलवर. आणि ते सांभाळणारे? पूर्ण वेळ काम करणारा एक माणूस. देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. एखाद्या मध्यम गणेश मंडळाचा मांडवाचा खर्च याहून जास्त असतो हो! त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या मार्फत पैसे एकत्र केले, ओपनएसएसएलला माणसं मिळाली. हा प्रश्न सुटला असं बऱ्याच जणांना वाटलं.

इथे कुणी म्हणेल, मग बंद सॉफ्टवेअर बरं. थांबा. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की गुपचूप एक लपलेला प्रोग्रॅम बसायचा. मार्क रुसिनोविच या माणसाला स्वतःच्या यंत्रावर काहीतरी लपवलं जातंय हे दिसलं म्हणून ते उघडकीला आलं. तिथे कोड मागायचीही सोय नव्हती. आणि आपल्याकडचंच बघा. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत भारतात व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट अडवलेली होती. व्हिडिओ तर लोकांना बघायचेच होते. मूळ दुकान बंद म्हटल्यावर माणूस रस्त्यावरून घेतो. सुरक्षेच्या नावानं लोकांना मूळ, खात्रीच्या जागेवरून उठवून भलत्या जागी पाठवलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. आता खरी गोष्ट.

एक्सझेड नावाची एक छोटी वस्तू आहे. फायली दाबून लहान करायचं काम करते. तुम्ही तिचं नाव ऐकलं नसेल, ऐकायचं कारणही नाही, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात ती असते. ती सांभाळत होता फिनलंडचा लासे कॉलिन. २००९ पासून, फावल्या वेळात, बिनपगारी. २०२१ च्या शेवटी ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवायला लागलं. कामसू, नम्र. मग २०२२ मध्ये यादीवर दुसरी काही नावं उगवली. कामं किती रखडलीत, प्रकल्प मेल्यात जमा आहे, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या ना. टोचून टोचून. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’, म्हणजे आपल्याला गुजरात-मुंबईकडचं वाटावं असं. ही नावं त्याआधी किंवा नंतर कुठे फारशी दिसत नाहीत. कॉलिननं उत्तरात सांगितलं की मानसिक प्रकृतीच्या जुन्या तक्रारींमुळे हातून काम कमी होतंय, आणि हा बिनपगारी छंद आहे हे लक्षात घ्या. जियाबरोबर काम चाललंय, कदाचित पुढे त्याच्याकडे मोठी भूमिका जाईल, असंही.

मला या सगळ्या प्रकरणात तांत्रिक हुशारीपेक्षा हा भाग जास्त अस्वस्थ करतो. दमलेला माणूस, एका बाजूनं बोचणारे लोक, दुसऱ्या बाजूनं मदतीचा हात. आणि बहुधा दोन्ही बाजूंना एकच मंडळी.

जियाला अधिकार मिळाले. २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या त्याच्या हातून निघू लागल्या. २४ फेब्रुवारी २०२४ ला ५.६.० आली, मार्चमध्ये ५.६.१. आणि त्यात चोरदार.

तो ठेवला कुठे? आपण म्हणतो ‘कोड उघडा आहे’ तेव्हा तो सगळ्यांना दिसणाऱ्या कोठारात असतो. पण उबुंटू, डेबियन वगैरे लोक नवी आवृत्ती घेताना बहुतेकदा त्या कोठारातून नाही, तर सांभाळणाऱ्यानं बांधून दिलेल्या गाठोड्यातून घेतात. टारबॉल म्हणतात त्याला. गाठोड्यात बांधणीच्या काही जादा फायली असतात, ते नेहमीचंच, म्हणून कुणी चमकत नाही. या गाठोड्यात अशीच एक फाईल जरा बदललेली होती. ती कोठारात नव्हतीच. बांधणी सुरू झाली की ती चाचणीसाठी ठेवलेल्या फायली उघडायची. दाबणाऱ्या प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायला मुद्दाम बिघडवलेल्या फायली लागतात, आणि बिघडलेली फाईल कोण उघडून वाचतंय? खरा माल तिथे. थॉम्पसनचं विरजण, चाळीस वर्षांनी.

निशाणा होता एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायचा दरवाजा. एसएसएचला एक्सझेडशी काही देणंघेणं नाही. पण डेबियन, फेडोरासारख्यांनी एसएसएचला सिस्टमडीची एक जोड दिलेली, आणि त्या जोडीबरोबर एक्सझेड आत यायचं. लग्नाच्या पंगतीत ओळखीच्याच्या ओळखीनं बसलेला माणूस असतो ना, तसं. ज्याच्याकडे ठरलेली चावी, त्याला सर्व्हरवर वाटेल ती आज्ञा चालवता आली असती.

आणि आता ते व्हॅलग्रिंड. नव्या आवृत्तीवर व्हॅलग्रिंड तक्रार करायला लागलं. जिया टॅननं फेडोराच्या लोकांबरोबर बसून ती तक्रार कशी घालवायची यावर मन लावून काम केलं. अठरा वर्षांपूर्वी एका भल्या माणसानं याच अवजाराची तक्रार गप्प करायला गेला म्हणून घात झाला होता. इथे तक्रार खरी होती आणि गप्प करणारा चोर होता.

पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड. हा पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर काम करणारा, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. (हो, मायक्रोसॉफ्टच. लिनक्सवाल्यांनी एकेकाळी त्या कंपनीला दिलेल्या शिव्या आठवून मला जरा ओशाळायला झालं.) तो वेगाची मोजमापं घेत होता, म्हणून यंत्रावर बाकी शांतता हवी होती. एसएसएच उगीचच प्रोसेसर खातंय असं दिसलं. मोजलं, तर लॉगिनला लागणारा वेळ सुमारे ०.३ सेकंदावरून ०.८ वर गेलेला. अर्धा सेकंद! आपण एवढ्यात डोळेसुद्धा चोळत नाही. त्याला आधी पाहिलेल्या व्हॅलग्रिंडच्या तक्रारी आठवल्या. धागा ओढत गेला आणि २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यानं सगळं जाहीर केलं. गांभीर्याच्या मोजपट्टीवर या चोरदाराला दहापैकी दहा मिळाले. सुट्टीवर निघालेले लोक परत कामाला बसले.

वेळ अशी होती की बहुतेक सर्वसामान्य आवृत्त्यांत ते पोचलेलं नव्हतं. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत होतं, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीच्या वाटेवर होतं. उबुंटूची एप्रिलमधली २४.०४ तयार होत होती. तिची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजेस पुन्हा पहिल्यापासून बांधून काढली.

म्हणजे ‘कुणी बघितला’ याचं उत्तर काय? कोड वाचत बसलेल्या हजार डोळ्यांनी नाही बघितला. अर्ध्या सेकंदानं चिडलेल्या एका माणसानं बघितला. पण, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, संशय आल्यावर त्याला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. त्यानं गाठोडं सोडलं, कोठाराशी ताडून पाहिलं, फरक दाखवला. स्टॉलमनला प्रिंटरपाशी जे मिळालं नव्हतं ते फ्रॉइंडला मिळालं. ताळा करण्याचा हक्क सगळ्यांना होता. रोज संध्याकाळी तो करणारा कारकून मात्र नेमलेला नव्हता.

थोडं काम त्या दिशेनं चाललंय. एकाच कोडपासून कुणीही, कुठेही बांधलं तरी शेवटच्या बिटापर्यंत तेच निघालं पाहिजे, असा प्रयत्न डेबियनवाले २०१३ पासून करताहेत. म्हणजे दोघांनी वेगवेगळं विरजण लावायचं आणि दही जुळतंय का बघायचं. कोठार आणि गाठोडं जुळवायची शिस्तही आता जास्त ठिकाणी दिसते. जिया टॅन कोण होता, एक होता की अनेक, हे अजून बाहेर आलेलं नाही. कॉलिननं मे २०२४ च्या शेवटी घाण काढलेली ५.६.२ आवृत्ती दिली. आजही एक्सझेड तोच बघतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती मध्येच म्हणाली, “आणि त्या कॉलिनला पगार कोण देतं?” मी म्हटलं, मावशी, तेच तर. “हं,” म्हणाली. मग, “माझ्या यंत्रात कुठलं आहे ते?”

व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून आज्ञा टाइप करून घेतली. उत्तर आलं ते असं : ५.६.१+रिअली५.४.५. झालं होतं असं की पॅकेजचा क्रमांक मागे नेता येत नाही, यंत्र फक्त वाढता क्रमांक स्वीकारतं. म्हणून डेबियननं ५.६.१ चा क्रमांक तसाच ठेवून आत जुनं, चांगलं ५.४.५ भरलं आणि नावातच लिहून टाकलं, खरं तर हे ५.४.५ आहे. तेच उबुंटूत आलं, आणि तिथून मावशीच्या लॅपटॉपवर.

मी हे समजावत होतो तर तिनं मला थांबवलं. “कळलं रे. चुकीची नोंद खोडायची नाही, खाली उलट नोंद टाकायची.” आणि चष्मा काढून म्हणाली, “आता ते नाटक लावून दे.”